प्रकाश ध्वनीहून मंद कसा झाला?

प्रकाशाचा निर्वातातील वेग किती, असे विचारले तर नववीतील विद्यार्थीही क्षणात उत्तर देईल : सेकंदाला ३ गुणिले १० चा ८ वा घात इतके मीटर. आपण तो कसा लिहितो? आधी ३, मग गुणाकाराची फुली, मग १० आणि त्या १० च्या खांद्यावर छोटासा ८. आता समजा, हेच उत्तर एका कागदावर असे छापून आले : ‘३ × १०८ मीटर प्रति सेकंद’. गुणाकार करून पहा. उत्तर येते ३२४. हवेतील ध्वनीचा वेग शून्य अंश सेल्सियस तापमानाला सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो. म्हणजे या कागदावर विश्वास ठेवायचा, तर आधी ढगांचा गडगडाट ऐकू येईल आणि वीज मागाहून चमकेल!

प्रकाशाला सव्वानऊ लाख पटींनी मंद करणारा हा पराक्रम कोणा आळशी विद्यार्थ्याचा नाही. तो एका अत्यंत आज्ञाधारक संगणक-प्रोग्रॅमचा आहे. त्याला सांगितले होते, ‘या फाईलीत अमुक नावाच्या टॅगमध्ये जेवढा मजकूर असेल तेवढा वेचून दे.’ त्याने तो वेचून दिला. एक अक्षर गाळले नाही, एक अक्षर पदरचे घातले नाही. तरीही भौतिकीचा सत्यानाश झाला.

मजकूर वेचणारे असे प्रोग्रॅम आज पडद्याआड सतत राबत असतात. दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिकांतून प्रश्नपेढी तयार करायची आहे, शब्दकोशासाठी उदाहरणे गोळा करायची आहेत, यंत्राकडून भाषांतर करून घ्यायचे आहे, अशा प्रत्येक कामात पहिली पायरी हीच : फाईलीतून हवा तो मजकूर बाहेर काढणे. हे काम कसे चालते आणि त्यात घोटाळा कोठे होतो, हे समजून घेण्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. बीजगणितातील कंस नीट सोडवता येत असतील तर तेवढी तयारी पुरे.

डबे आणि चिठ्ठ्या

घरातील फळीवर एकाच आकाराचे डबे ओळीने मांडलेले असतात. पिठीसाखर आणि मीठ दिसायला जवळजवळ सारखे. चहा बिघडू नये म्हणून आई डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवते. संगणकाला तर साखर आणि मीठ यांतील भेद चाखूनही कळत नाही. त्याच्या दृष्टीने सगळी अक्षरे म्हणजे नुसते आकडे. म्हणून मजकुराच्या प्रत्येक तुकड्यावर चिठ्ठी लावण्याची युक्ती काढण्यात आली. या चिठ्ठीलाच टॅग म्हणतात, आणि चिठ्ठ्या लावण्याच्या एका सर्वमान्य पद्धतीचे नाव आहे ‘एक्सएमएल’.

साध्या लंबकाच्या प्रयोगाची नोंद या पद्धतीने लिहिली तर ती अशी दिसेल :

<प्रयोग>
<नाव>साधा लंबक</नाव>
<विद्यार्थी><नाव>सुमन</नाव><इयत्ता>नववी</इयत्ता></विद्यार्थी>
<निरीक्षण><लांबी>१००</लांबी><काळ>२.०१</काळ></निरीक्षण>
<निरीक्षण><लांबी>८०</लांबी><काळ>१.८०</काळ></निरीक्षण>
</प्रयोग>

टोकदार कंसात नाव लिहिले की डबा उघडला. त्याच नावाआधी तिरपी रेघ दिली की डबा बंद झाला. डब्यात मजकूर असेल किंवा आणखी छोटे डबे असतील. नियम दोनच, पण कडक आहेत. सर्वांना पोटात घेणारा सर्वात बाहेरचा डबा एकच असला पाहिजे. आणि जो डबा शेवटी उघडला तो आधी बंद झाला पाहिजे. बीजगणितात चौकटी कंसाच्या आत उघडलेला साधा कंस चौकटी कंसाच्या बाहेर जाऊन बंद करता येत नाही, तसेच हे. हा नियम कोठे मोडला गेला तर एक्सएमएल वाचणाऱ्या प्रोग्रॅमने अंदाजाने पुढे न जाता तेथेच थांबावे, असे या पद्धतीच्या नियमपुस्तकातच सांगितले आहे.

वरची नावे मराठीत आहेत ती केवळ तुमच्या सोयीसाठी बदललेली नाहीत, बरे का. एक्सएमएलमध्ये टॅगचे नाव देवनागरी अक्षरांत लिहिलेले चालते. नावात मोकळी जागा असू नये आणि नावाची सुरुवात आकड्याने होऊ नये, एवढे पाळले की वरची नोंद कोणताही एक्सएमएल वाचणारा प्रोग्रॅम बिनतक्रार वाचतो.

ही कल्पना आली कोठून? १९६९ साली आयबीएम या कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी हे तिघे वकिलांच्या कचेऱ्यांतील कागदपत्रे संगणकावर कशी सांभाळावीत या प्रश्नावर काम करीत होते. त्या काळी छपाईसाठी तयार केलेल्या मजकुरात ‘येथे ठळक टाईप’, ‘येथे दोन ओळी सोडा’ अशा सूचना पेरलेल्या असत. हे तिघे म्हणाले, तुकडा कसा दिसावा हे लिहू नका, तो काय आहे ते लिहा. ‘ठळक’ असे न लिहिता ‘मथळा’ असे लिहा. मथळा ठळक छापायचा की मोठा छापायचा ते छापणारा ठरवील. त्यांच्या पद्धतीचे नाव ‘जीएमएल’ पडले. गोल्डफार्ब, मोशर, लोरी यांची आद्याक्षरे जुळवून पहा! तिच्यातून पुढे ‘एसजीएमएल’ ही पद्धत आली, १९८६ साली तिला आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा दर्जा मिळाला, आणि तिला बरीच काटछाट करून सुटसुटीत केलेले एक्सएमएल १० फेब्रुवारी १९९८ रोजी जाहीर झाले.

दिसणे आणि असणे यांतील हा फरक किती मोलाचा आहे ते ऑक्सफर्डच्या प्रचंड इंग्रजी शब्दकोशाने दाखवून दिले. १९८० नंतरच्या दशकात हा शब्दकोश संगणकावर चढवण्यात आला. शंभराहून अधिक टंकलेखकांनी सुमारे ३५ कोटी अक्षरे टंकित केली. नुसता मजकूर टंकित करून भागणार नव्हते. छापील पानावर तिरप्या टाईपातील शब्द म्हणजे कधी ग्रंथाचे नाव, तर कधी परभाषेतील मूळ शब्द. वाचणाऱ्याला ते संदर्भाने कळते. संगणकाला कळत नाही. म्हणून मूळ शब्द, उच्चार, व्युत्पत्ती, अवतरण, अवतरणाचे साल, त्याचा लेखक, अशा प्रत्येक तुकड्यावर त्याच्या स्वरूपाप्रमाणे खूण घालण्यात आली. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात या खुणांच्या आधारे शोध घेणारे प्रोग्रॅम लिहिले गेले. १९८९ मध्ये या कोशाची वीस खंडांची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यात सुमारे २४ लाख अवतरणे आहेत. ‘अमुक लेखकाची सर्व अवतरणे काढून दे’ हे काम माणसाने पाने उलटून करायचे म्हटले तर उभा जन्म पुरणार नाही. खुणा असल्या की ते यंत्र करते. वॉटर्लूमधील या प्रकल्पाचे काम पाहणारे टिम ब्रे हेच पुढे एक्सएमएलच्या नियमपुस्तकाच्या संपादकांपैकी एक झाले, हा काही निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

मडक्यांची उतरंड

आता वेचणारा प्रोग्रॅम काम कसे करतो ते पाहू. तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड? ‘नाव’ ही चिठ्ठी शोधायची, तिची बंद होणारी चिठ्ठी शोधायची आणि मधला मजकूर उचलायचा. पण वरच्या नोंदीत ‘नाव’ दोन ठिकाणी आहे. एक प्रयोगाचे, एक विद्यार्थिनीचे. नुसता नावाने शोध घेतला तर ‘साधा लंबक’ आणि ‘सुमन’ ही दोन्ही एका यादीत येऊन बसतील. शिवाय एका डब्यात त्याच नावाचा दुसरा डबा असू शकतो. मग पहिली बंद होणारी चिठ्ठी नेमकी कोणाची?

यावर उपाय म्हणजे उतरंड. जुन्या घरांत मडक्यावर मडके रचून उतरंड करीत. सर्वात वरचे मडके उचलल्याशिवाय खालचे काढता येत नाही. प्रोग्रॅमही फाईल सुरुवातीपासून एकेक अक्षर वाचत जातो आणि मनातल्या मनात अशी उतरंड रचतो. डबा उघडणारी चिठ्ठी आली की त्या नावाचे मडके वर ठेवायचे. बंद करणारी चिठ्ठी आली की सर्वात वरच्या मडक्याचे नाव तेच आहे ना ते पाहायचे आणि मडके खाली उतरवायचे. नाव जुळले नाही तर फाईल सदोष आहे. साधा मजकूर आला की त्या क्षणी उतरंडीत कोणकोणती मडकी आहेत ते पाहायचे आणि आपल्याला हवे ते नाव त्यांत असेल तरच मजकूर उतरवून घ्यायचा.

कागद-पेन्सिल घेऊन लंबकाच्या नोंदीवर हे करून पहा. ‘साधा लंबक’ हे शब्द येतात तेव्हा उतरंड असते : तळाशी प्रयोग, वर नाव. ‘सुमन’ येते तेव्हा असते : प्रयोग, त्यावर विद्यार्थी, त्यावर नाव. दोन्हींत वरचे मडके एकच, पण खालची वेगळी. म्हणून चांगला प्रोग्रॅम नुसते टॅगचे नाव विचारत नाही; ‘विद्यार्थी’मधले ‘नाव’ हवे की ‘प्रयोग’मधले, असा पत्ताही सांगू देतो.

हे सारे करताना भौतिकीच्या विद्यार्थ्याला एक शंका यायला हवी. टोकदार कंस हे टॅगचे चिन्ह असेल तर ‘पेक्षा लहान’ हे चिन्ह मजकुरात लिहायचे कसे? ‘कणाचा वेग प्रकाशाच्या वेगापेक्षा लहान’ असे चिन्हाने लिहिले की प्रोग्रॅमला वाटणार, नवा डबा उघडला! म्हणून एक्सएमएलच्या आत हे चिन्ह सरळ लिहिता येत नाही. त्याऐवजी ‘आणि’ या अर्थाचे & हे चिन्ह, मग एल आणि टी ही दोन रोमन अक्षरे आणि शेवटी अर्धविराम असा छोटा संकेत लिहितात. वेचणारा प्रोग्रॅम नीट लिहिलेला असेल तर मजकूर बाहेर काढताना तो या संकेताचे पुन्हा चिन्ह करून देतो. नुसती अक्षरे शोधणारा घिसाडघाई प्रोग्रॅम मात्र तो संकेत तसाच तुमच्या हाती ठेवतो.

आता एक गंमत. प्रोग्रॅमला सांगा, ‘निरीक्षण’ या टॅगमधील सर्व मजकूर दे. पहिल्या निरीक्षणाचे उत्तर काय येईल? ‘१००२.०१’! लांबीचे १०० आणि काळाचे २.०१ एकमेकांना चिकटून बसले, कारण त्यांच्यामध्ये मजकूर असा काहीच नव्हता. होत्या त्या फक्त डब्यांच्या भिंती. भिंती काढून टाकल्या की शेजारशेजारचे धान्य एकत्र मिसळते. प्रकाशाच्या वेगाचे काय झाले असेल याचा अंदाज तुम्हाला येऊ लागला असेल.

गाठोडे सोडून पाहू

हे सगळे तुम्ही शाळेतल्या संगणकावर स्वतः पाहू शकता. वर्ड या प्रोग्रॅमने लिहिलेल्या फाईलीच्या नावाच्या शेवटी ‘डॉकएक्स’ असे असते. २००७ सालच्या ऑफिसपासून हा प्रकार रूढ झाला. ही फाईल म्हणजे प्रत्यक्षात एक बांधलेले गाठोडे आहे. आधी तिची एक नक्कल करा. मूळ फाईलीला हात लावू नका. मग नकलेच्या नावातील ‘डॉकएक्स’ पुसून तेथे ‘झिप’ लिहा आणि नेहमीच्या झिप फाईलीप्रमाणे ती उघडा. आत काही कप्पे दिसतील. त्यांतील ‘वर्ड’ नावाच्या कप्प्यात ‘डॉक्युमेंट’ नावाची एक्सएमएल फाईल असते. ती ब्राउझरमध्ये उघडली की तुमचा निबंध चिठ्ठ्यांच्या जंगलात दडलेला दिसेल.

या जंगलात तीन टॅग ओळखीचे करून घ्या. ‘डब्ल्यू:पी’ म्हणजे परिच्छेद. त्याच्या आत ‘डब्ल्यू:आर’, म्हणजे एकसारख्या सजावटीचा तुकडा. आणि त्याच्या आत ‘डब्ल्यू:टी’; प्रत्यक्ष अक्षरे येथे असतात. आधीचे ‘डब्ल्यू’ हे आडनाव समजा. हजेरीपटात आडनाव आधी येते तसेच. एका वर्गात दोन प्रकाश असले की आडनावाने हाक मारावी लागते. येथेही ‘टी’ नावाचे टॅग अनेक घराण्यांत आहेत, हे लक्षात ठेवा. पुढे ते नडणार आहे.

प्रश्नपत्रिकेतून मजकूर वेचायचा तर ‘डब्ल्यू:टी’ वेचा, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि बऱ्याच अंशी तो बरोबरही आहे. पायथन या संगणकभाषेत हे काम दहा-बारा ओळींच्या प्रोग्रॅमने होते. पण कोठे कोठे ठेच लागते ते पहा.

पहिली गोष्ट, एक शब्द म्हणजे एक तुकडा असे नाही. तुम्ही ‘गुरुत्वाकर्षण’ लिहिले, दुसऱ्या दिवशी त्यातले मधले अक्षर दुरुस्त केले, तर वर्ड त्या शब्दाचे दोन-तीन तुकडे करून ठेवू शकतो. कागदावर शब्द अखंड दिसतो, फाईलीत तो तुटलेला असतो. प्रत्येक तुकडा नव्या ओळीवर लिहिणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाती मोडके शब्द येतात. सगळेच तुकडे जोडत जाणाऱ्याच्या हाती परिच्छेद एकमेकांत घुसलेला मजकूर येतो. म्हणून एका ‘डब्ल्यू:पी’च्या आतील तुकडे जोडावेत आणि तो परिच्छेद संपला की नवी ओळ घ्यावी.

दुसरी गोष्ट, रिकाम्या टॅगची. बहुपर्यायी प्रश्नात तुम्ही ५, १०, १५ हे पर्याय टॅब-कळ दाबून अंतराअंतरावर लिहिले. ते अंतर म्हणजे अक्षर नव्हे. फाईलीत तो ‘डब्ल्यू:टॅब’ नावाचा रिकामा टॅग असतो. ‘डब्ल्यू:टी’ वेचणारा त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. पर्याय हाती येतात ते असे : ५१०१५. प्रश्नांचे क्रमांक वर्डने आपोआप घातलेले असतील तर तेही येत नाहीत, कारण ते कोठे लिहिलेलेच नसतात. फाईलीत फक्त ‘या परिच्छेदाला क्रमांक द्या’ एवढी सूचना असते. तळटिपा तर गाठोड्यातील वेगळ्याच फाईलीत असतात.

तिसरी गोष्ट समीकरणांची. आम्हां भौतिकी शिकवणाऱ्यांच्या जिव्हाळ्याची. समीकरण लिहिण्याची वेगळी सोय वापरून सूत्र लिहिले की त्यातील अक्षरे ‘डब्ल्यू’ घराण्यात जातच नाहीत. ती ‘एम:टी’ या गणिताच्या घराण्यातील टॅगमध्ये बसतात. परिणामी ‘डब्ल्यू:टी’ वेचून काढलेल्या प्रश्नपत्रिकेत ‘पुढील सूत्र सिद्ध करा’ हे शब्द येतात आणि सूत्र मात्र येत नाही! प्रोग्रॅम तक्रार करीत नाही, चूक झाल्याची सूचना देत नाही. दोनशे प्रश्नपत्रिका अशा गाळून काढल्या आणि मूळ फाईली पुसून टाकल्या, तर ती सूत्रे कायमची गेली.

तुम्ही म्हणाल, मग ‘एम:टी’ही वेचू. वेचा. सूत्र येईल, पण त्याचे रूप कसे असेल? १० चा ८ वा घात लिहिताना फाईलीत आधी घाताचा एक मोठा डबा असतो. त्यात दोन छोटे डबे : एक पायाचा, एक घातांकाचा. पायाच्या डब्यात ‘एम:टी’मध्ये १०, घातांकाच्या डब्यात ‘एम:टी’मध्ये ८. हा आकडा खांद्यावर आहे ही माहिती अक्षरांत नाही, ती डब्यांच्या रचनेत आहे. आपण भिंती पाडून फक्त धान्य घेतले. १० आणि ८ शेजारी येऊन १०८ झाले, आणि प्रकाश ध्वनीच्या मागे पडला.

समीकरणाची सोय न वापरता ८ निवडून त्याला नुसते वर उचलले तरी तीच गत. तेव्हा ८ हा नेहमीच्या ‘डब्ल्यू:टी’तच असतो आणि त्याच्या तुकड्याला ‘उभ्या दिशेने वर’ अशा अर्थाची सजावटीची सूचना जोडलेली असते. वेचणारा सजावट टाकून देतो. एरवी ते योग्यच आहे. मथळा ठळक होता की नव्हता याने अर्थ बदलत नाही. पण वर उचललेला आठ ही सजावट नसून तो अर्थ आहे, हे त्याला कोणी सांगावे? गोल्डफार्ब आणि मंडळींनी १९६९ साली जे सांगितले ते येथे पुन्हा आठवावे. समीकरणाच्या पद्धतीत निदान ‘हा घातांक आहे’ अशी चिठ्ठी तरी आहे. नुसते वर उचलण्याच्या पद्धतीत ‘हा असा दिसावा’ एवढेच लिहिलेले असते.

उपाय उतरंडीतच आहे. ‘एम:टी’मधला मजकूर हाती आला की उतरंडीत खाली पाहायचे. तेथे घातांकाचे मडके असेल तर मजकूर लिहिण्याआधी ‘चा घात’ अशी काही खूण घालायची, आणि घातांक संपला की कंस बंद करायचा. चार ओळींचे काम आहे. पण ते करायचे हे सुचण्यासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला थोडे भौतिकी आले पाहिजे, किंवा निदान निघालेला मजकूर एकदा डोळ्यांखालून घातला पाहिजे. हे दुसरे फार थोडे लोक करतात असा माझा अनुभव आहे.

खांद्यावरच्या आठसाठी संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात, म्हणजे युनिकोडमध्ये, एक वेगळे तयार अक्षरही आहे. ते वापरले तर वेचताना तो आठ खांद्यावरच राहतो. मात्र ही सोय आंतरराष्ट्रीय आकड्यांना आहे. देवनागरी आकड्यांसाठी असे तयार घातांक नाहीत. अक्षराच्या डोक्यावर बसणारे छोटे देवनागरी आकडे युनिकोडमध्ये आहेत खरे, पण ते सामवेदाचे स्वर दाखवण्यासाठी!

पुसलेले न पुसलेले

आता शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे असा भाग. वर्डमध्ये ‘केलेले बदल नोंदवत राहा’ अशी एक सोय आहे. ती चालू असताना एखादे वाक्य खोडले तर ते फाईलीतून जात नाही. त्याच्याभोवती ‘डब्ल्यू:डेल’ असा डबा येतो आणि आतल्या अक्षरांची चिठ्ठी ‘डब्ल्यू:टी’ऐवजी ‘डब्ल्यू:डेलटेक्स्ट’ अशी बदलते. खोडणाऱ्याचे नाव आणि वेळही त्या डब्यावर लिहिली जाते. पडद्यावर बदल न दाखवण्याची निवड केलेली असेल तर ते वाक्य तुम्हाला दिसत नाही, छापतानाही येत नाही. पण ‘डब्ल्यू:डेलटेक्स्ट’ वेच, असे प्रोग्रॅमला सांगितले की खोडलेली सर्व वाक्ये ओळीने बाहेर येतात.

समजा, एखाद्या शिक्षकांनी प्रश्नपत्रिकेतच उत्तरे लिहिली, मग ती खोडली आणि फाईल विद्यार्थ्यांना सरावासाठी पाठवली. बदल नोंदवण्याची सोय चालू राहिली असेल तर उत्तरपत्रिकाही सोबत गेलीच म्हणायची. फाईल पाठवण्याआधी सर्व बदल ‘स्वीकारून’ ती पुन्हा जतन केली, तरच ती वाक्ये खरोखर जातात. गाठोडे सोडून डोळ्यांनी खात्री करून घेतली तर अधिक चांगले.

जुन्या मराठी फाईली उघडल्यात तर आणखी एक कोडे दिसेल. चिठ्ठ्या सगळ्या जागच्या जागी, पण ‘डब्ल्यू:टी’च्या आत मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि चित्रविचित्र चिन्हे यांची खिचडी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ सालापासून आहे. तरी त्यानंतरही अनेक वर्षे मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या खास फॉन्टांत लिहिला जात असे. त्यांत रोमन अक्षराच्या क्रमांकावर देवनागरी अक्षराचे चित्र बसवलेले असे. पडद्यावर ‘क’ दिसे, फाईलीत मात्र भलतेच अक्षर असे. तो मजकूर वेचून काही उपयोग नाही. कोणता फॉन्ट होता ते आधी शोधावे लागते आणि मग त्याच्या कोष्टकाप्रमाणे एकेक चिन्ह बदलून घ्यावे लागते.

आता तुमच्यासाठी काम. एका कोऱ्या फाईलीत दोन ओळी लिहा. पहिल्या ओळीत ॲव्होगाड्रोचा अंक, म्हणजे ६.०२ गुणिले १० चा २३ वा घात. तो समीकरणाची सोय वापरून लिहा. दुसऱ्या ओळीत इलेक्ट्रॉनवरील विद्युत्‌भाराचे मूल्य, १.६ गुणिले १० चा उणे १९ वा घात इतके कूलोम. येथे उणे १९ निवडून नुसते वर उचला. फाईल जतन करा, तिच्या नकलेचे गाठोडे सोडा आणि दोन्ही घातांक कोणकोणत्या चिठ्ठ्यांच्या पोटात गेले ते शोधून उतरंड कागदावर काढा. मग भिंती पाडून फक्त आकडे उतरवून घ्या. पहिल्या ओळीत ६.०२ × १०२३ मिळेल, म्हणजे एका मोलमध्ये अवघे सहा हजार एकशे अठ्ठावन्न रेणू आणि वर एक जवळजवळ अर्धा. दुसऱ्या ओळीत मिळेल १.६ × १०-१९. आधी गुणाकार, मग वजाबाकी : सोळातून एकोणीस गेले, उरले उणे ३ कूलोम. इलेक्ट्रॉनच्या भाराचे चिन्ह तेवढे बरोबर आले!